वस्तूचे विशेषनाम आणि ग्राहकाचा खाजगीपणा

शब्दाचा अर्थ जाती की व्यक्ती, हा वाद भारतीय व्याकरणपरंपरेत फार जुना आहे. पतंजलीच्या महाभाष्यात वाजप्यायन आणि व्याडी या दोन आचार्यांची मते नोंदलेली आढळतात. पहिल्याच्या मते शब्द आकृतीचा, म्हणजे सर्व गायींत समान असलेल्या गोत्वाचा निर्देश करतो. दुसऱ्याच्या मते द्रव्याचा, म्हणजे समोर उभ्या असलेल्या या एका गायीचा. याच परंपरेने शब्दांचे जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा असे चार वर्ग कल्पिले, आणि काव्यशास्त्रात मम्मटाने ते स्वीकारले. यदृच्छाशब्द म्हणजे कोणत्याही गुणाच्या आधाराविना, केवळ नाव ठेवणाऱ्याच्या इच्छेने एका व्यक्तीस चिकटलेली संज्ञा. ‘डित्थ’ हे त्याचे ठरलेले उदाहरण.

हा वाद आता प्रश्नपत्रिकेपुरता उरला आहे, असे आपण मानत आलो. परंतु १९९९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘ऑटो-आयडी सेंटर’ स्थापन झाले आणि दुकानातील प्रत्येक वस्तूस, अगदी साबणाच्या एकेका वडीस, रेडिओ-लहरींनी वाचता येईल असे स्वतंत्र नाव देण्याचा संकल्प तेथे सोडण्यात आला, तेव्हा तोच वाद बाजारात येऊन उभा राहिला. या टॅगांमुळे ग्राहकाच्या खाजगीपणावर येणाऱ्या संकटाचा विचार येथे करावयाचा आहे. पण तो यंत्रविद्येच्या अंगाने नव्हे, तर नाव देणे आणि वाचणे या दोन क्रियांच्या अंगाने. कारण हे संकट अर्थ उघड होण्याचे आहे अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती मला अपुरी वाटते.

प्रथम बारकोडशी तुलना करू. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगमचे एक पाकीट पहिल्यांदा बारकोडच्या आधारे विकले गेले. त्या पाकिटावरील बारा अंक एवढेच सांगत होते की, हे अमुक कंपनीचे अमुक प्रकारचे पाकीट आहे. त्याच फळीवरच्या शेजारच्या पाकिटावरही तेच अंक होते. बारकोड हे सामान्यनाम होय, वाजप्यायनाच्या पक्षाचे. टॅगमध्ये साठविल्या जाणाऱ्या ९६ बिटांच्या प्रचलित क्रमांकात मात्र कंपनी आणि प्रकार यांच्यापुढे अनुक्रमांकासाठी आणखी ३८ बिट राखलेले असतात. म्हणजे एकाच प्रकारच्या २७,४८७ कोटींहून अधिक नगांना, कोणाचेही नाव दुसऱ्यास न देता, वेगवेगळी नावे ठेवता येतात. एवढ्या विशेषनामांची गरज मानवजातीला तिच्या साऱ्या इतिहासात स्वतःसाठीसुद्धा पडलेली नाही.

या नावाचे वाचनही निराळे आहे. टॅग म्हणजे एक सूक्ष्म चिप आणि तिला जोडलेली धातूची पातळ ॲन्टेना. बहुतेक टॅगांत बॅटरी नसते. वाचकयंत्राने सोडलेल्या लहरींतूनच चिप क्षणभर जागी होण्यापुरती ऊर्जा घेते आणि त्याच लहरी आपल्या क्रमांकानुसार कमी-अधिक परावर्तित करून उत्तर देते. पुस्तक वाचायचे तर ते उघडावे लागते. बारकोड वाचायचा तर वस्तू प्रकाशासमोर धरावी लागते. टॅगच्या बाबतीत वस्तू पिशवीत असो, अंगावर असो, काही अंतरावरून तिला विचारता येते, आणि विचारणारा कोण याची चौकशी साधा टॅग करीत नाही. गेली कित्येक वर्षे समीक्षेत आपण वाचकाची जी थोरवी गायिली, तिच्यात हा वाचक बसत नाही. त्याला संहितेविषयी कुतूहल नसते. ती पूर्वी कुठे दिसली होती, एवढेच त्याला पाहायचे असते.

२००३ मध्ये हा प्रश्न रस्त्यावर आला. मार्च महिन्यात फिलिप्स कंपनीने जाहीर केले की, बेनेटनच्या ‘सिस्ले’ या नाममुद्रेच्या कपड्यांत तिचे टॅग बसविले जाणार आहेत. कॅथरिन अल्ब्रेक्ट यांच्या ‘कॅस्पियन’ या ग्राहकसंघटनेने बहिष्काराची हाक दिली, आणि आपल्या कपड्यांत टॅग नाहीत, निर्णयही झालेला नाही, असा खुलासा बेनेटनला करावा लागला. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमधील केम्ब्रिजच्या टेस्को दुकानातील एका फळीचा प्रकार उघडकीस आला. जिलेटच्या दाढीच्या पात्यांचे पाकीट उचलले की तेथे कॅमेरा उचलणाऱ्याचे छायाचित्र घेत असे. विरोधकांच्या तत्कालीन भाषेत अतिशयोक्ती होती, हेही नमूद केले पाहिजे. या टॅगांचा पल्ला काही मीटरांचा असतो, आणि मानवी देहातील पाणी व धातू या लहरींना अडथळा करतात. तरीही भीतीचे कारण खोटे होते असे नाही. ते नीट सांगितले गेले नाही, एवढेच.

नीट न सांगितले जाण्याचा उत्तम नमुना म्हणजे आरएसए लॅबोरेटरीजमधील संशोधक आरी जूल्स यांनी काढलेले ‘२०२० मधील मिस्टर जोन्स’चे चित्र. या विषयावरील तांत्रिक व्याख्यानांतून ते फार फिरले. जोन्स रस्त्यावरून चालला आहे आणि त्याच्या देहावरील टॅग आपापले म्हणणे सांगत आहेत : डोक्यावर स्वस्त पॉलिस्टरचा टोप, कमरेत बसविलेला कृत्रिम सांधा, पाकिटात पंधराशे युरो, बरोबर मार्क्सचे ‘दास कॅपिटल’ आणि कम्युनिस्ट पक्षाची पुस्तिका, शिवाय स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचे तीस नग. साहित्याच्या अभ्यासकाला या चित्राची रीत चटकन ओळखू येईल. वस्तूंच्या यादीतून माणूस उभा करण्याची ही एकोणिसाव्या शतकातील वास्तववादी कादंबरीची रीत आहे. बाल्झाकने ती परिपूर्णतेला नेली. आपल्या परिभाषेत सांगायचे तर प्रत्येक टॅग वाच्यार्थ तेवढा बोलतो, पण टोप, सांधा, पुस्तक आणि अंतर्वस्त्रे यांच्या सान्निध्यातून जो चौथा-पाचवा अर्थ पाहणाऱ्याच्या मनात उमटतो, तो व्यंग्यार्थ आहे. जोन्स हास्यास्पद होतो तो त्यामुळे.

चित्र प्रभावी आहे, आणि म्हणूनच फसवे आहे. त्यात गृहीत आहे की हानी अर्थ कळण्यात आहे. टोप कळला, रोग कळला, विचारसरणी कळली, म्हणजे खाजगीपणा गेला. मग ज्याच्याजवळ लपविण्यासारखे काही नाही, त्याने काळजी का करावी? साधा सदरा, साधी चप्पल, हातात वर्तमानपत्र अशा माणसाच्या बाबतीत हे चित्र गप्प बसते. शिवाय वस्त्रे बोलतात हे काही नवे नाही. बार्थने १९६७ च्या ‘सिस्तेम द ला मोद’ या ग्रंथात फॅशनच्या मासिकांतील लिखित वस्त्राची चिन्हव्यवस्था उलगडून दाखविली, आणि आपल्याकडेही पागोट्यावरून माणसाची जात, गाव, हुद्दा ओळखला जात असे. पण ते सारे जातीच्या पातळीवरचे बोलणे होते. पागोटे ‘असा एक माणूस’ म्हणत असे. ‘हा तोच माणूस’ म्हणत नसे. २०२० साल उलटून गेले, युरोच्या नोटांत टॅग आले नाहीत, जोन्सचे चित्र खरे ठरले नाही. तरी प्रश्न मिटला नाही, याचे कारण तो त्या चित्रात मुळी नव्हताच.

तो कोठे होता, हे जर्मनीतील ऱ्हाइनबर्ग येथे दिसले. मेट्रो कंपनीने एप्रिल २००३ मध्ये तेथे ‘भविष्यातील दुकान’ सुरू केले. काही वस्तूंवर टॅग होते, आणि ग्राहकांच्या मनःशांतीसाठी बाहेर पडण्यापूर्वी ते निष्क्रिय करण्याचे एक यंत्रही ठेवलेले होते. २००४ च्या आरंभी अल्ब्रेक्ट आणि ‘फोएबुड’ या जर्मन संघटनेचे कार्यकर्ते यांनी दोन गोष्टी उजेडात आणल्या. एक, दुकानाने नियमित ग्राहकांना दिलेल्या कार्डांतही टॅग होता आणि तो त्यांना सांगितलेला नव्हता. फेब्रुवारीत दुकानासमोर निदर्शने झाली आणि कंपनीने ती कार्डे मागे घेतली. याचा बोभाटा अधिक झाला; दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. निष्क्रिय करणारे यंत्र वस्तूचा क्रमांक शून्यांनी पुसून टाकीत होते, पण कारखान्यात चिपमध्ये कायम कोरलेला तिचा स्वतःचा क्रमांक तसाच राहत होता आणि वाचताही येत होता. अर्थ पुसला गेला होता, नाव उरले होते. वस्तू काय आहे हे आता ती सांगू शकत नव्हती. मी ‘तीच’ आहे, एवढे मात्र सांगू शकत होती.

येथे मिलचे स्मरण होते. १८४३ च्या ‘सिस्टिम ऑफ लॉजिक’मध्ये त्याने असे प्रतिपादिले की, विशेषनाम व्यक्तीचा निर्देश करते, पण तिचा कोणताही गुण सुचवीत नाही. त्यासाठी त्याने अरबी कथांतील चोराचा दाखला घेतला. घर पुन्हा ओळखता यावे म्हणून चोर दारावर खडूची खूण करतो. त्या खुणेला प्रयोजन आहे, अर्थ नाही. घर कोणाचे, आत किती सोने, याविषयी ती काही बोलत नाही. अलीबाबाच्या घरावर येणारे संकट मात्र त्या अर्थशून्य खुणेतूनच येते. देरिदाने १९७१ च्या स्वाक्षरीविषयक व्याख्यानात चिन्हाचे चिन्हत्व त्याच्या पुनरावर्तनक्षमतेत पाहिले. चिन्ह करणारा आणि ज्याच्यासाठी केले तो, दोघेही अनुपस्थित असता ते पुन्हा ओळखता आले पाहिजे. टॅगचे सामर्थ्य नेमके हेच आहे. सोमवारी एका दारात वाचलेला क्रमांक गुरुवारी दुसऱ्या दारात वाचला गेला, की सदऱ्याच्या आत असलेला माणूस, त्याचे नाव कळण्यापूर्वीच, ओळखीचा होतो. त्याने एकदा जरी स्वतःच्या कार्डाने पैसे दिले, तरी उरलेल्या साऱ्या भेटींना मागाहून त्याचे नाव लागते.

‘टॅगमध्ये ग्राहकाविषयी काहीच माहिती नसते, केवळ एक क्रमांक असतो,’ हा उद्योगाचा युक्तिवाद म्हणूनच खरा असूनही निरुपयोगी आहे. विशेषनामातही माणसाविषयी काही माहिती नसते. कायद्याची अडचणही येथेच होते. भारतात २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला आणि २०२३ मध्ये डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण त्या कायद्याला विचारावे लागते की ही माहिती ओळखता येणाऱ्या एखाद्या व्यक्तीविषयीची आहे काय. सदऱ्याचे नाव सदऱ्याविषयी असते. ते माणसाविषयी केव्हा होते, हा मुळात शब्दार्थाचाच प्रश्न आहे, आणि तो न्यायालयात गेला तर तेथेही मीमांसकांना शोभेल असा वाद होईल.

नावाने वस्तूचा ताबा बिघडतोच असे नाही. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. भांडे घेतले की कारागीर पूर्वी छिन्नीने, पुढे विजेच्या यंत्राने टिंबाटिंबांचे नाव कोरून देतो. कधी घेणाऱ्याचे, कधी देणाऱ्याचे, सोबत प्रसंग आणि तारीख. शेजारी गेलेली वाटी परत यावी हा व्यवहार त्यात असतोच. पण हे नाव खरेदीच्या क्षणी पडते, ते खरेदीदाराच्या सांगण्यावरून पडते, आणि वाचायचे तर भांडे हातात घेऊन उजेडाकडे कलते करावे लागते. म्हणजे ज्याला आपण घरात घेतले त्यालाच ते वाचता येते. भांडे कारखान्याचे होते ते घरचे झाले, याची ती नोंद असते. टॅगचे नाव उत्पादकाने वस्तूच्या जन्मवेळी ठेवलेले असते, विक्रीने ते बदलत नाही, आणि हाक मारणाऱ्या कोणालाही वस्तू ‘ओ’ देते. ग्राहकाने पैसे मोजले, पावती घेतली, वस्तू घरी आणली. तरी ती जुन्याच नावाला उत्तर देत राहिली, तर विक्री पूर्ण झाली असे म्हणता येईल काय? माझ्या मते नाही. वस्तू विकत घेणे म्हणजे तिच्या द्रव्यावर हक्क मिळणे एवढेच नसते. ती कोणाशी बोलेल हे ठरविण्याचा हक्कही त्यात येतो. खाजगीपणाचा हा प्रश्न मुळात अपुऱ्या राहिलेल्या विक्रीचा प्रश्न आहे.

या विषयावर लिहिताना फूकोच्या वर्तुळाकार तुरुंगाचा दाखला देण्याची प्रथा पडली आहे. तो येथे फारसा उपयोगी नाही. त्या तुरुंगातील कैद्याला मनोरा दिसतो. पाहिले जात असण्याच्या जाणिवेतूनच तो स्वतःला शिस्त लावतो. सदऱ्यातल्या टॅगची जाणीवच नसते, त्यामुळे शिस्तही लागत नाही. माणूस पूर्वीसारखाच मोकळा वागतो, आणि त्या मोकळेपणाचीच नोंद होत जाते.

यावर उपाय सुचले नाहीत असे नाही. २००४ मध्ये ठरलेल्या मानकात टॅगला ‘मारण्याची’ आज्ञा आहे. ३२ बिटांचा परवलीचा शब्द दिला की टॅग पुन्हा कधीच उत्तर देत नाही. अधिक मनोवेधक उपाय त्याच आरी जूल्स यांनी रोनाल्ड रिव्हेस्ट आणि मायकेल शिडलो यांच्यासह २००३ मध्ये मांडला. वाचकयंत्र एका पद्धतीत टॅगना एकेक अंक विचारत पुढे जाते : तुझा पुढचा अंक शून्य की एक? सुचविलेला ‘रोधक टॅग’ प्रत्येक वेळी दोन्ही उत्तरे एकदम देतो. परिणामी जगात शक्य असलेली सारी नावे समोर उपस्थित आहेत असे यंत्राला वाटते आणि ते त्या गर्दीत हरवून जाते. मिलने सांगितलेल्या गोष्टीत मॉर्जियाना हेच करते. ती खूण पुसत नाही, सगळ्याच दारांवर तशीच खूण करून ठेवते. उपाय सुंदर आहे यात शंका नाही. पण तो ग्राहकाला सतत सावध राहण्यास सांगतो. प्रत्येक घरात मॉर्जियाना नसते, आणि विक्री पूर्ण करण्याचे ओझे विकत घेणाऱ्याने का वाहावे?

१२ मे २००९ रोजी युरोपीय आयोगाने केलेल्या शिफारशीत हे ओझे विक्रेत्याकडे सरकविण्याचा प्रयत्न दिसतो. ग्राहकाने समजूनउमजून संमती दिली नसेल, तर विक्रीच्या ठिकाणीच, विनामूल्य, टॅग निष्क्रिय करावा किंवा काढावा, असे ती म्हणते. मात्र खाजगीपणाला धोका संभवत नाही असे मूल्यमापनात आढळल्यास या बंधनातून सूट आहे. ते मूल्यमापन टॅग वापरणाऱ्यानेच करावयाचे, आणि शिफारस ही कायदा नव्हे. मौन हा नियम आणि बोलणे हा अपवाद, एवढे तत्त्व तरी तेथे शब्दबद्ध झाले, म्हणून तिचे मोल.

ग्रंथालयाचा प्रश्न मात्र विक्रीच्या तत्त्वाने सुटत नाही, कारण तेथे विक्रीच नसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने पुस्तकांना टॅग लावण्याचे योजले तेव्हा २००४ मध्ये मोठा विरोध झाला. २००१ च्या पेट्रियट कायद्याने ग्रंथालयांच्या नोंदी मागण्याचा मार्ग सरकारला खुला करून दिला होता, ही त्या विरोधाची पार्श्वभूमी. टॅगमध्ये पुस्तकाचे शीर्षक नसून केवळ क्रमांक असतो, हे उत्तर येथेही दिले गेले. त्याच वर्षी बर्कलीचे डेव्हिड मोल्नार आणि डेव्हिड वॅग्नर यांनी त्यातील फोलपणा दाखविला. ज्याला एखाद्या पुस्तकाच्या वाचकांवर नजर ठेवायची आहे, त्याने ग्रंथालयात जावे, त्या प्रतीचा क्रमांक एकदा वाचून ठेवावा आणि मग तो क्रमांक बाळगणारा माणूस दारातून जाण्याची वाट पाहावी. इतकेच नव्हे, तर अनेक टॅग एकाच वेळी बोलू लागले तर गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकाला जो ठरावीक क्रमांक असतो, तोही या कामी पुरतो; मजकूर कितीही सुरक्षित ठेवला तरी. ऱ्हाइनबर्गचीच गोष्ट ही. मात्र पुस्तकाच्या बाबतीत ती अधिक बोचते. सदरा घालणारा माणूस सदऱ्यामुळे बदलत नाही. वाचणारा बदलू शकतो, आणि तो बदल पूर्ण होईपर्यंत त्याला कोणी पाहू नये, अशी अपेक्षा वाचनाच्या संस्थेत पूर्वापार गृहीत आहे.

बाजारात मात्र टॅग आता वादाशिवाय रुळले आहेत. २०१४ मध्ये झाराच्या मालक कंपनीने चिप बसविली ती चोरी रोखण्यासाठी कपड्याला अडकविल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या टोपणात. गल्ल्यावर ते टोपण काढून घेतले जाई आणि पुन्हा वापरले जाई. ग्राहक निनावी सदरा घेऊन घरी जात असे. हे घडले ते काटकसरीमुळे, नीतीमुळे नव्हे. २०२३ मध्ये त्याच कंपनीने काढून घ्यावी लागणारी ही टोपणे बंद करण्याची घोषणा केली.

आता नावाच्या बाजूने एक नवा आणि प्रामाणिक युक्तिवाद पुढे आला आहे. वस्तू दुरुस्त व्हावी, तिचा पुनर्वापर व्हावा, शेवटी ती कचऱ्यात न जाता पुन्हा कच्चा माल व्हावी, तर तिची ओळख विक्रीनंतरही टिकली पाहिजे. १८ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या पर्यावरणस्नेही उत्पादनविषयक नियमाने वस्तूंना ‘डिजिटल पारपत्र’ देण्याची तरतूद केली आहे. हे प्रयोजन क्षुल्लक नाही, आणि टॅग मारून टाका असे सरसकट म्हणणाऱ्याला त्याचे उत्तर द्यावेच लागेल. मला येथे भांड्यावरील नावाची कसोटी पुरेशी वाटते. दुरुस्ती करणारा आणि भंगार घेणारा वस्तू हातात घेतो. त्याला दिसेल असा छापील संकेत चालेल, दूरवरून हाकेला ओ देणारी चिप कशाला हवी? नियमात मात्र दोन्ही गोष्टी बसतात. बारकोड, द्विमितीय संकेत किंवा यंत्राला वाचता येणारे अन्य माध्यम, कोणतेही. आणि हे पारपत्र प्रतिमानाला द्यावयाचे, उत्पादनाच्या गटाला की एकेका नगाला, हेही प्रत्येक वस्तुवर्गासाठी पुढे स्वतंत्रपणे ठरावयाचे आहे. वाजप्यायन आणि व्याडी यांच्यातील निवाडा आता ब्रसेल्समध्ये, कापड, लोखंड, फर्निचर अशा एकेका मालाच्या खात्यावर, होणार आहे.